टाळ्या कोणाच्या?

आमच्या वयाच्या तरुणांवर सध्यां जे आरोप होत असतात त्यांत एक आरोप असा आहे कीं, आम्हांस लोकप्रियतेचें वेड लागलें आहे. हातांतल्या मोबाइलवर आम्ही दिवसभर स्वतःचीं चित्रें चढवितों, तीं किती जणांस आवडलीं हें घटकेघटकेस मोजतों, आणि आंकडा फुगला कीं आम्हीहि फुगतों, असें आमचे वडील, आमचे अध्यापक आणि सभासंमेलनांतले वक्ते आम्हांस वरचेवर ऐकवीत असतात. पूर्वींची पिढी ग्रंथ वाचीत होती, नाटकें बसवीत होती, व्याख्यानमाला चालवीत होती. हल्लींची पिढी अंगठ्यानें पडदा सरकविण्यापलीकडे कांहींच करीत नाहीं, असा या उपदेशाचा ठरलेला समारोप असतो. आम्ही या आरोपींपैकीं एक आहों. आमच्या वयास अद्याप चोवीस वर्षें पुरीं झालेलीं नाहींत. परंतु आरोपीनें आपली बाजू मांडूं नये असा नियम कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. म्हणून या मासिकाच्या वाचकांपुढें ती मांडण्याचें धाडस करीत आहों.

आरोप सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आंकडा मोजण्याचें सुख आम्हीं घेतलें आहे, आणि आंकडा न वाढल्याचें दुःखहि भोगलें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें वेड आमच्या पिढीनें निर्माण केलेलें नाहीं. तें वडिलार्जित मिळकतीसारखें आमच्याकडे चालत आलें आहे. चौकाचौकांत वाढदिवसाचे जे प्रचंड फलक लागतात आणि ज्यांवर शुभेच्छुकांचे वीसवीस चेहरे ओळीनें चिकटविलेले असतात, ते लावण्याची चाल कांहीं शाळकरी मुलांनीं पाडलेली नाहीं. ज्यानें पुस्तकाचें एक पानहि उलटलेलें नाहीं अशा बड्या पाहुण्याच्या हस्तें त्याचें प्रकाशन करून घ्यावयाचें, आणि वर्तमानपत्रांत लेखकापेक्षां पाहुण्याचें छायाचित्र मोठें छापून आणावयाचें, हा रिवाजहि आमचा नव्हे. तालुक्याच्या गांवीं एखाद्या मुलानें बरी कविता लिहिली, बरें चित्र काढलें किंवा बरी भूमिका केली, तर "शाबास! आतां पुण्या-मुंबईस जा, तेथें नांव काढ, म्हणजे खरें," असा आशीर्वाद देणारे लोक आमचे मास्तर आणि आमचे काका-मामाच होते. अनोळखी माणसाची पसंति हीच गुणाची अखेरची परीक्षा, हा धडा त्यांनीं आम्हांस घालून दिला. आम्हीं तो अधिक वेगवान यंत्रावर गिरविला, एवढाच काय तो फरक.

या वादांत दोन निराळ्या गोष्टी एकाच नांवाखालीं खपविल्या जातात, म्हणून त्या आधीं वेगळ्या केल्या पाहिजेत. लोकप्रियता ही एक गोष्ट आणि आपलेपणा ही दुसरी. जे आपणांस ओळखत नाहींत त्यांनीं आपणांस पसंत करणें ही लोकप्रियता. जे आपणांस पुरतेपणीं ओळखतात त्यांनीं, पसंति-नापसंति कांहींहि असली तरी, आपणांस आपल्यांत धरणें हा आपलेपणा. पहिली मोजतां येते, दुसरा मोजतां येत नाहीं. आणि जें मोजतां येतें तेंच खरें अशी आजची समजूत असल्यामुळें पहिलीनें दुसऱ्याची जागा बळकाविली आहे. तरुण माणसास भूक असते ती बहुधा आपलेपणाची. ती भूक भागविण्यासाठीं तो लोकप्रियतेच्या पंगतीस जाऊन बसतो, पोटभर जेवतो, आणि उपाशीच उठतो. आमच्या वडीलधाऱ्यांनीं या उपाशीपणाचें कारण शोधिलें असतें तर आम्हीं त्यांचे आभार मानले असते. त्यांनीं तें न करतां आमच्या जेवण्यावरच टीका केली.

आमच्याच मुलखाचें उदाहरण घेऊन ही गोष्ट स्पष्ट करतों. वैनगंगेच्या दोहों तीरांस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पसरलेल्या धानाच्या आणि जंगलाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी उरकली आणि धान घरांत येऊं लागलें कीं या मुलखांत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीच्या सुमारास संपतो. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजे सरकारी दप्तरांतलें देसाईगंज, हें या रंगभूमीचें मुख्य ठाणें. तेथें नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या बाजारांतल्या दुकानांप्रमाणें थाटलेल्या असतात, आणि खेड्याखेड्यांचीं मंडळें तेथें येऊन नाटक, तारीख आणि रक्कम ठरवून जातात. गांवांत मंडई किंवा शंकरपट असला कीं त्या रात्रीं नाटक ठेवावयाचें, असा परिपाठच आहे. रात्रीं दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहांटे पडतो. थंडीचे दिवस असतात; लोक तिकीट काढून मंडपांत शिरतात, अंगावर पांघरूण ओढून जमिनीवर बसतात, आणि उजाडेपर्यंत हलत नाहींत.

या रात्रीचें खरें स्वरूप मंडपाबाहेर पाहिल्याशिवाय कळावयाचें नाहीं. नाटकाच्या निमित्तानें लेकी माहेरीं येतात, जांवई येतात, लांबचे सोयरे येतात. घरोघरीं पाहुण्यांचीं पानें मांडलीं जातात. उपवर मुलामुलींच्या सोयरिकीच्या गोष्टी याच मुक्कामांत निघतात. कोणाचें धान किती झालें, कोणाच्या म्हाताऱ्याची प्रकृति कशी आहे, कोणाचा मुलगा शहरांतून परत आला, याची उलाढाल नाटकाच्या दोन अंकांच्या मध्यें होते. नाटक ही त्या रात्रीपुरती गांवाची बैठक असते. या रंगभूमीच्या आधींपासून चालत आलेली दंडार आणि खडी गंमत यांचेंहि स्वरूप असेंच होतें. तेथें करणारा आणि पाहणारा यांच्यामध्यें फार मोठी भिंत नसते. आज जो पाहतो त्याचा भाऊ उद्यां करतो. अशा ठिकाणीं टाळी पडली तर ती कोणाची, हें नटास ठाऊक असतें, आणि टाळी पडली नाहीं तर ती कां पडली नाहीं हें त्यास दुसऱ्या दिवशीं चहाच्या टपरीवर तोंडावर सांगितलें जातें.

अशा मुलखांतून आम्ही अठराव्या वर्षीं शिक्षणासाठीं एका मोठ्या शहरांतील महाविद्यालयांत गेलों. आमच्या झाडीबोलींत ण नाहीं आणि ळ नाहीं. पाण्यास आम्ही पानी म्हणतों आणि डोळ्यास डोरा. पहिल्याच आठवड्यांत वर्गांत हंशा पिकला. कोणी दुष्टपणानें हंसलें असें आम्हांस आजहि वाटत नाहीं. त्यांना खरोखरीच गंमत वाटली. परंतु एकजण हंसूं लागला कीं बाकीचेहि हंसतात, आणि ज्याच्यावर हंसावयाचें तोहि शेवटीं हंसूं लागतो. महिन्याभरांत आम्ही गप्प बसायला शिकलों, आणि वर्षभरांत शुद्ध उच्चार करायला. घरून फोन आला कीं आम्ही खोलीबाहेर जाऊन बोलत असूं, ही गोष्ट लिहितांना आजहि शरम वाटते. पण जी गोष्ट सांगण्यासाठीं लेखणी उचलली ती वगळून उपदेश करण्यांत अर्थ नाहीं.

दुसऱ्या वर्षीं नशीब फिरलें. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठीं नाट्यमंडळास 'मातींतला विषय' हवा होता, आणि माती पुरविण्यास योग्य असा इसम म्हणून आमची निवड झाली. जी बोली लपविण्यांत आम्हीं वर्ष खर्च केलें होतें तीच आतां मागविण्यांत आली. मात्र थोडी, चवीपुरती, श्रोत्यांस समजेल इतकीच. आम्हीं एकांकिका लिहिली. तींत एक दारुडा शेतकरी होता, एक भांडखोर म्हातारी होती, आणि शहरांतून आलेला एक शहाणा तरुण होता. म्हातारी 'डोरा' म्हणाली कीं नाट्यगृह हंसे, आणि शहाणा तरुण बोलूं लागला कीं तें स्तब्ध होई. बक्षीस मिळालें. तिचा एक तुकडा कोणीं तरी मोबाइलवर चढविला. ज्यांस आम्ही जन्मांत भेटणार नाहीं अशा हजारों लोकांनीं तो पाहिला आणि आवडल्याची खूण केली. ज्या वर्गानें आमच्या बोलीस हंसून आम्हांस गप्प केलें होतें, त्याच वर्गांत आतां आम्ही लोकप्रिय झालों. आम्हांस वाटलें, आपण येथले झालों.

त्या दिवाळींत गांवीं गेलों, तेव्हां मंडईच्या पाहुण्यांनीं घर भरलें होतें. शेजारच्या आजींना आम्हीं मोठ्या हौसेनें तो तुकडा दाखविला. त्यांनीं तो शेवटपर्यंत, मुळींच न हंसतां, पाहिला. मग मोबाइल आमच्या हातांत परत देत त्या म्हणाल्या, "बोल त आमचाच हाये बाबू, पन हे मानसं आमी नाई." एवढें बोलून त्या पाहुण्यांच्या भाताकडे पाहावयास निघून गेल्या.

त्या एका वाक्यानें आमच्या बक्षिसाचा हिशेब चुकता केला. परीक्षकांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं वडशाचा मंडप कधीं पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढें जें आलें त्याचा त्यांनीं प्रामाणिकपणें निवाडा केला. दोष आमचा होता. ज्यांनीं आम्हांस वाढविलें त्यांचें सोंग ज्यांनीं आम्हांस हंसलें त्यांच्यापुढें आम्हीं आणिलें, आणि त्या मोबदल्यांत प्रवेश मिळविला. लोकप्रियतेचा हा सौदा पुष्कळ तरुण रोज करतात. त्यांस तो सौदा आहे हेंहि कळत नाहीं. कारण शेजारच्या आजींचें मत कोणत्याच आंकड्यांत धरलेलें नसतें.

आतां या सौद्यामागची जी समजूत आहे तिच्याशीं आमचा मुख्य वाद आहे. ती समजूत अशी कीं, लहान गांवांतली कला ही एक पायरी आहे. गुणी माणसानें तिच्यावर पाय द्यावा आणि वर चढावें. वर न चढतां जो तेथेंच राहिला तो एकतर कमी गुणी, नाहीं तर कमनशिबी. या समजुतीस मराठी वाङ्मयाच्या आणि रंगभूमीच्या इतिहासांत आधार आहे काय? मराठी नाटकाचा आरंभ आपण ज्या प्रयोगापासून धरतों तें विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' १८४३ सालीं सांगलींत झालें. तेथल्या संस्थानिकांच्या पदरीं असलेल्या माणसानें, कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून, त्याच गांवच्या प्रेक्षकांसाठीं तें रचलें. मुंबईस तें मागाहून गेलें. बहिणाबाई चौधरी १८८० सालीं जळगांवाजवळ असोद्यास जन्मल्या आणि १९५१ सालीं वारल्या. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर आणि शेतांत त्यांनीं खानदेशच्या बोलींत गाणीं रचलीं, तीं घरच्या माणसांनीं उतरून घेतलीं, आणि पुस्तकरूपानें तीं बाहेर आलीं १९५२ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर. अनोळखी लोकांची पसंति हें निर्मितीचें मूळ असतें, तर त्या गाण्यांस जन्मच मिळाला नसता. उलट, उतरून घेणारें कोणी घरांत नसतें तर तीं जात्याबरोबरच थांबलीं असतीं. या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत, आणि दुसरीकडे आम्ही पुढें वळणार आहों.

कोणी म्हणेल, हीं जुनीं उदाहरणें झालीं. तर अगदीं अलीकडचें घ्या. २०२३ सालीं झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री देण्यांत आली. शहरांतल्या पुष्कळ वाचकांनीं तें नांव त्या दिवशीं प्रथमच वाचलें असेल. आमच्याकडे मात्र त्यांस ओळखण्यासाठीं कोणी सरकारी यादीची वाट पाहत बसलें नव्हतें. सन्मान झाला याचा आम्हांस आनंद आहे. पण सन्मानामुळें ते मोठे झाले असें जे म्हणतात त्यांनीं कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरांत मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हांहि असेंच झालें. पेढे वाटले गेले, भाषणें झालीं, भाषेच्या प्राचीनपणाचे गोडवे गायिले गेले. त्या उत्सवांत भाग घेणाऱ्या किती जणांनीं आपल्या वर्गांतल्या एखाद्या मुलास 'पानी' म्हटल्याबद्दल हंसणें त्या दिवसापासून सोडलें, याचा हिशेब मात्र कोणीं मागितला नाहीं. जी भाषा आपल्याच बोलींस लाजते तिच्या अभिजातपणाचा उपयोग काय?

मोजलेल्या लोकप्रियतेची तर आणखी एक गोष्ट आहे. ती देणारा जसा अनोळखी असतो तसा काढून घेणाराहि अनोळखीच असतो. टिकटॉक नांवाच्या ज्या परदेशी सोयीवर खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनीं आपलीं गाणीं, नाच आणि नकला चढविल्या होत्या, तिच्यावर भारत सरकारनें २९ जून २०२० रोजीं इतर अठ्ठावन्न उपयोजनांबरोबर बंदी घातली. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथें कर्तव्य नाहीं. तिचा परिणाम मात्र पाहण्यासारखा आहे. लाखालाखांचा चाहतावर्ग असलेलीं पोरें एका रात्रींत एकटीं पडलीं. त्या लाखांपैकीं कोणी त्यांच्या दारीं चौकशीस आलें नाहीं, आणि येणार तरी कसें? त्यांस दार ठाऊकच नव्हतें. त्याच वर्षीं साथीमुळें झाडीपट्टीच्या रंगभूमीवरहि पडदा पडला, आणि नटांचे, वाद्यें वाजविणाऱ्यांचे, मंडप घालणाऱ्यांचे हाल झाले. पण साथ ओसरतांच तीच मंडळें पुन्हा वडशास गेलीं आणि तारखा ठरवून आलीं. एकीकडे चाहते होते, दुसरीकडे गिऱ्हाईक होतें, शेजारी होते आणि सोयरे होते. टिकलें कोणतें, हें सांगावयास नको.

येथपर्यंत वाचून एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, "आपण खेड्याचें फारच गोड चित्र काढितां. आपलेपणाच्या नांवाखालीं गांव माणसाचा गळा कसा दाबतो, हें आपणांस ठाऊक नाहीं काय? कोणाच्या घरचें पाणी कोणास चालतें, मंडपांत कोणी कोठें बसावयाचें, मुलीनें रंगमंचावर जावें कीं नाहीं, हें ठरविणारा आपलेपणाच ना? शहरांतल्या अनोळखीपणांत निदान जात विचारीत नाहींत." हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर टाळून आम्हांस पुढें जातां येणार नाहीं. शहरांत जात विचारीत नाहींत हें तितकेंसें खरें नाहीं. आडनांव विचारतात, आणि काम भागवितात. परंतु खेड्याचा दोष त्यामुळें कमी होत नाहीं. झाडीपट्टीच्या नाटकांतून काम करणाऱ्या नटीची कला रात्रभर डोळे भरून पाहावयाची, आणि सकाळीं तिच्याविषयीं नाक मुरडावयाचें, हें आम्हीं स्वतः ऐकलें आहे. गांवांतल्या आईबापांस दुसऱ्याची मुलगी रंगमंचावर चालते, आपली चालत नाहीं. असल्या आपलेपणाची तरफदारी आम्ही करीत नाहीं.

पण यावरून निष्पन्न काय होतें? आपलेपणा सोडून लोकप्रियता धरावी, असें नव्हे. ज्या आपलेपणांत निम्म्या माणसांस जागा नाहीं तो अपुरा आहे, आणि तो पुरा करावयाचा आहे, एवढेंच निष्पन्न होतें. हें काम बाहेरून होत नाहीं. अनोळखी माणसानें गांवास नांवें ठेविलीं तर गांव कानावर हात ठेवतो. गांवच्या मुलानें गांवच्या मंडपांत, गांवच्या बोलींत तेंच सांगितलें तर गांवास तें ऐकावें लागतें, कारण तिकीट काढलेलें असतें आणि पहांट व्हावयाची असते. आमच्या शेजारच्या आजींनीं आमच्या तोंडावर जी टीका केली ती करण्याचा अधिकार त्यांस आपलेपणानें दिला. तोच अधिकार आम्हांसहि आहे. जो आपला आहे त्यानेंच बोलावें, असा त्याचा अर्थ नाहीं. पण जो आपला आहे त्यानें गप्प बसूं नये, असा मात्र निश्चित आहे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. झाडीपट्टीच्या नाटकांत पुष्कळ वेळां कथानक भडक असतें, दोन प्रवेशांच्या मध्यें चित्रपटांतल्या गाण्यांवर नाच घुसडतात, तालमी पुरेशा होत नाहींत आणि प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या ओळींत ऐकूं येतो, असें म्हणतात. यांतलें पुष्कळसें खरें आहे. पण हे दोष स्थानिकपणाचे आहेत काय? जाहिरातींत मुंबईच्या सिनेनटाचें किंवा नटीचें छायाचित्र मोठें छापावयाचें आणि ज्यांच्या जीवावर हंगाम चालतो त्या नटांचीं नांवें खालीं बारीक अक्षरांत द्यावयाचीं, ही युक्ति वडशानें कोठून उचलली? चित्रपटाचा नाच नाटकांत आला तो चित्रपटाची बरोबरी करण्याच्या हव्यासानें आला. म्हणजे ज्या रोगाची आम्ही चर्चा करीत आहों त्याचीच लागण तेथेंहि झाली आहे. आपल्या प्रेक्षकास आपण पुरेसे नाहीं ही शंका एकदां शिरली कीं कलावंत बाहेरचें उसनें आणूं लागतो. आणि उसनें आणलेलें नेहमींच मूळ मालकाच्या घरीं अधिक चांगलें असतें. मग प्रेक्षक म्हणतो, मूळच पाहूं.

तरी या दोषांस एक कारण आणखी आहे, आणि त्याची जबाबदारी अशा मासिकांवर आणि त्यांच्या वाचकांवर येते. ज्या कलेचें परीक्षण होत नाहीं ती सुधारत नाहीं. पुण्या-मुंबईच्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला कीं त्याची संहिता, दिग्दर्शन, नेपथ्य आणि अभिनय यांवर रकाने भरतात. झाडीपट्टीवर लिहिलें जातें तें कौतुकाचें: किती हो हा उत्साह, किती ही थंडी, किती हे प्रेक्षक! जत्रेंतल्या पाळण्याचें वर्णन करावें तसें. अमुक नाटकाचा दुसरा अंक कां कोसळला, अमुक नटीनें तो प्रसंग कसा सांवरला, अमुक लेखकाची भाषा कोठें खोटी झाली, हें नांवानिशीं कोणी लिहीत नाहीं. कौतुक हीहि एक प्रकारची उपेक्षाच आहे. फरक इतकाच कीं तिच्याबद्दल तक्रार करतां येत नाहीं. आमची मागणी कौतुकाची नाहीं. आमची मागणी अशी आहे कीं, जी कसोटी आपण आपल्या आवडत्या रंगमंदिरास लावितां तीच येऊन वडशाच्या मंडपास लावा. त्यासाठीं एक रात्र थंडींत काढावी लागली तर काढा.

आणि बहिणाबाईंच्या उदाहरणाची दुसरी बाजू येथें आठवावी. त्यांचीं गाणीं उतरून घेणारे हात घरांत होते म्हणून तीं उरलीं. झाडीपट्टीच्या नाटकांच्या वह्या कंपन्यांच्या पेट्यांत पडून राहतात. छापलेली संहिता विकत घ्यावी म्हटलें तर ती क्वचितच हातीं लागते. झाडीबोलीसाठीं कांहीं अभ्यासकांनीं आयुष्य वेंचलें आहे; तिचीं स्वतंत्र साहित्यसंमेलनेंहि भरतात. पण आमच्या पिढीचें काय? ज्यांच्या हातांत सदासर्वदा लिहिण्याचें, आवाज उतरून घेण्याचें आणि चित्रें टिपण्याचें यंत्र आहे, अशी आमची पहिलीच पिढी. त्या यंत्रानें आम्ही स्वतःचा चेहरा टिपतों. त्याच यंत्रानें आजीच्या तोंडचें दंडारीचें गाणें, जुन्या नटाच्या तोंडची हकीकत आणि पेटींतली जीर्ण वही टिपतां येते. आमच्यावरचा आरोप आम्ही पूर्वीं अर्धा कबूल केला होता. येथें तो पुरा कबूल करतों. आमचा गुन्हा यंत्र वापरण्याचा नसून तें नेहमीं आपल्याकडेच वळवून धरण्याचा आहे.

आमच्या समवयस्कांस आमचें एवढेंच सांगणें आहे. शहरांत जाऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीहि गेलों होतों, आणि तेथें पुष्कळ शिकलों. अनोळखी माणसाची दाद वाईट असते असेंहि नाहीं. केव्हां तरी तीच आपल्या गांवास आपली किंमत कळविते. परंतु तिच्यासाठीं आपल्या माणसांचें सोंग विकूं नका, आणि ती मिळाली नाहीं म्हणून आपण कोणीच नाहीं असें समजूं नका. काम करावयास बसलांत कीं पहिला प्रश्न 'हें किती जणांस आवडेल?' असा न विचारतां 'हें कोणापुढें करावयाचें आहे?' असा विचारा. उत्तरांत चारदोन ओळखीचे चेहरे डोळ्यांपुढें आले तर काम सुरू करण्यास तेवढे पुरे आहेत. आणि वडीलधाऱ्यांस विनंति अशी कीं, पुढच्या वेळीं गांवांतला मुलगा बरें कांहीं करून दाखवील तेव्हां त्यास मुंबईच्या गाडीचें वेळापत्रक सांगण्यापूर्वीं, त्यानें काय केलें तें एकदां नीट पाहा, आणि चुकलें असेल तर चुकलें म्हणून सांगा.

आम्हीं स्वतः ती बक्षीसपात्र एकांकिका बाजूस ठेविली आहे. तिच्यांतल्या म्हातारीस आतां निराळें बोलावयास शिकवीत आहों, म्हणजे खरें पाहतां तिच्याकडून शिकत आहों. शहाणा तरुण त्यांतून काढून टाकिला आहे. त्याच्यावांचून नाटकाचें कांहीं अडत नाहीं असें दिसून आलें. येत्या हंगामांत, मंडईच्या रात्रीं, मुख्य नाटकाच्या आधीं अर्धा तास गांवच्या मंडळानें आम्हांस देऊं केला आहे. म्हातारीचें काम करण्यास आमच्याच आळींतली एक मुलगी तयार झाली आहे. तिच्या वडिलांची समजूत घालण्याचें काम अद्याप चालू आहे, आणि तें संहितेपेक्षां अवघड आहे. शेजारच्या आजी पुढच्या ओळींत बसणार आहेत. त्यांनीं टाळी वाजविली नाहीं तर कां वाजविली नाहीं, हें विचारण्यास सकाळीं आम्ही त्यांच्या दारीं जाऊं. दार आम्हांस ठाऊक आहे.